नेब्रास्कातली लुथरन शाळा आणि आमचं घर

आमची मुलगी किंडरगार्टनपासून आठवीपर्यंत अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या लुथरन (मार्टिन लुथरची शिकवण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) शाळेत शिकली. धाकटा अजून तिथेच आहे. आम्ही मूळचे मिरजेचे, हिंदू, घरात मराठी बोलणारे, आणि शाळा चर्चची. या भागात नव्याने येणारी मराठी कुटुंबं विचारतात, मुलांना अशा शाळेत घालावं का? फोनवर याचं उत्तर देताना निम्मं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव लहान. चहूकडे मक्याची आणि सोयाबीनची शेतं. शेताला गोल फेरी मारत पाणी देणारी जी लांबलचक यंत्रं इथे दिसतात, ती बनवणाऱ्या कारखान्यात नवरा काम करतो. २०१६ मध्ये मुलगी शाळेच्या वयाची झाली. नेब्रास्कात ३१ जुलैपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेली असतील तर त्या वर्षी किंडरगार्टन मिळतं. तिचा जन्म जुलैतला, त्यामुळे वर्गात सगळ्यांत लहान तीच ठरणार होती. त्यात तिचे उच्चार स्पष्ट नव्हते. ज्या बालवाडीत ती जात होती तिथे मला सांगितलं गेलं की घरी मराठी बंद करा, सगळं इंग्रजीतच बोला, म्हणजे जीभ सुधारेल. मला ते अजिबात पटलं नाही. मराठी बंद केली असती तर ती आजीशी कशात बोलली असती? पण मोठ्या शाळेत आपलं पोर मागे पडेल ही धास्ती होतीच, म्हणून आम्ही लहान शाळा शोधायला लागलो.

तेव्हा कळलं की ‘ख्रिस्ती शाळा’ असं म्हटल्याने फारसं काही कळत नाही. काही शाळा फक्त ख्रिस्ती कुटुंबांसाठीच असतात. आईवडिलांपैकी निदान एकाने तरी आपण विश्वासी असल्याचं लिहून द्यावं लागतं, पास्टरचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, शिफारसपत्र लागतं. दुसऱ्या प्रकारच्या शाळा कुठल्याही धर्माच्या मुलांना घेतात, पण शिकवतात आपलाच धर्म. फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, बाकी सगळं नंतर.

आम्ही तो आधी विचारला नाही, त्यामुळे जवळच्याच एका शाळेत फॉर्म भरताना अडलो. शेवटच्या पानावर श्रद्धेचं निवेदन होतं आणि खाली दोघांच्या सह्यांची जागा. ऑफिसातल्या बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, सही करून टाका, नंतर कोणी विचारत नाही. आम्ही गाडीत बसून बराच वेळ बोललो. जिथे मुलीला खरं बोलायला शिकवणार, तिथे पहिल्याच कागदावर आईबापांनी खोटी सही करायची हे दोघांनाही जमेना. फॉर्म तसाच परत दिला.

लुथरन शाळेचं सगळं वेगळं निघालं. शंभराच्या आत मुलं, एका खोलीत दोन-दोन इयत्ता, आणि मुख्याध्यापक स्वतःच सातवी-आठवीचे वर्गशिक्षक. ते सुअर्ड गावातल्या कॉन्कॉर्डियामध्ये शिकलेले. लुथरन शिक्षक घडवणारी ही संस्था १८९४ पासून चालू आहे आणि या भागातल्या छोट्या शाळांमधले बरेच शिक्षक तिथूनच आलेले असतात. फॉर्मवर चर्चचं नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख विचारली होती. तिथे मी ‘आम्ही हिंदू आहोत’ असं लिहिलं. सोबत जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांची आणि डोळ्यांची तपासणी जोडली.

मग मुख्याध्यापकांनी आम्हाला भेटायला बोलावलं. ती भेट म्हणजे आमच्या सगळ्या प्रवेशाचा गाभा होता. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की रोज सकाळी धर्माचा तास असतो, बुधवारी चॅपल, म्हणजे शाळेची उपासना, असते, आणि बायबलमधली वचनं आणि लुथरचा १५२९ सालचा छोटा कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म शिकवणारं पुस्तक, पाठ करावं लागतं. यातून कोणालाही सूट नाही. आम्ही चर्चला यावं अशी अपेक्षा नाही, आणि आम्ही मागितल्याशिवाय मुलीचा बाप्तिस्मा कोणी करणार नाही. एवढं ऐकून मी विचारलं, आमच्या घरातले देव खोटे आहेत असं तिला शिकवाल का? ते थोडे थांबले. मग म्हणाले, “पहिली आज्ञा, ‘माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत’, आम्ही जशी आहे तशीच शिकवतो. पण कुठल्याही मुलाच्या घराकडे बोट दाखवणार नाही.” गोड बोलून वेळ मारून नेली असती तर मी तिथूनच परत फिरले असते. ते उत्तर मला आवडलं नव्हतं, पण खरं वाटलं.

पालकांसाठीची नियमपुस्तिका मी घरी आणून अक्षरन् अक्षर वाचली. त्यात एक वाक्य असतं की वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व किंवा वांशिक मूळ यांवरून शाळा भेदभाव करत नाही. हे वाक्य बहुतेक खासगी शाळांच्या कागदांवर दिसतं, कारण करसवलत हवी असेल तर १९७५ च्या कर खात्याच्या नियमाप्रमाणे ते जाहीर करावं लागतं. नीट पाहिलं तर त्या यादीत धर्म नाही. म्हणजे चर्चच्या शाळेला धर्मावरून प्रवेश नाकारता येतो, आणि आपल्याला मिळालेला प्रवेश हा त्यांचा मनमोकळेपणा असतो, आपला हक्क नव्हे. हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

दुसरं बघायचं ते शाळेला राज्याची मान्यता आहे का. नेब्रास्कात हा जुना तंट्याचा विषय आहे. लुईव्हिल गावात एका बाप्टिस्ट चर्चने मान्यता न घेता, परवानाधारक शिक्षक न ठेवता शाळा चालवली. १९८२ मध्ये पास्टर एव्हरेट सिलेव्हन तुरुंगात गेले आणि शेरीफने चर्चला कुलूप ठोकलं. पुढे १९८४ मध्ये कायदा बदलला आणि धार्मिक कारणासाठी मान्यतेबाहेर राहायची मुभा मिळाली. आजही तशा शाळा आहेत. त्या वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, पण पुढे शाळा बदलायची वेळ आली तर नोंदी आणि इयत्ता यांवरून अडचण होऊ शकते. आमच्या शाळेला मान्यता होती आणि शिक्षकांकडे राज्याचे परवाने होते. प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवरच लावलेलं होतं.

त्या भेटीत भाषेचाही विषय निघाला. बालवाडीत मिळालेला सल्ला मी मुख्याध्यापकांना सांगितला तर ते ताठ बसले. “घरी तुमचीच भाषा बोला,” म्हणाले. त्यांच्या आजोबांचं बालपण जर्मनमध्ये गेलेलं. इथल्या लुथरन शाळा मुळात जर्मन स्थलांतरितांनी काढलेल्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला की आठवी पास होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन इथल्या झायन लुथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक होते. १९२० मध्ये ते एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवत असताना सरकारी वकील वर्गात आला. मायर यांना पंचवीस डॉलर दंड झाला. ते शेवटपर्यंत लढले आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो दंड रद्द केला. आपल्या मुलाने काय शिकावं हे ठरवायचा आईवडिलांचा अधिकार इथे ज्या निकालांवर उभा आहे, त्यांतला हा एक. परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक आईबापाला हा खटला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. आम्ही पुढे मुद्दाम हॅम्प्टनवरून गाडी नेली. गाव अगदीच लहान आहे, चर्च आहे, भोवती शेतं.

उच्चारांची मदत मात्र शाळेकडे नव्हती. इथे कायदा समजून घ्यावा लागतो. मूल सरकारी शाळेत असेल तर विशेष शिक्षणाचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. आईवडिलांनी आपणहून खासगी शाळेत घातलं की तो हक्क तसा राहत नाही. तपासणी मात्र स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला, करावीच लागते, आणि त्यांच्याकडे या मुलांसाठी ठेवलेल्या पैशांतून जी सेवा देता येईल तिची योजना ते लिहून देतात. मी डिस्ट्रिक्टला लेखी अर्ज केला. तोंडी सांगून भागत नाही, लेखीच द्यावा. तपासणीला आलेल्या स्पीच थेरपिस्ट फार नेटक्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडून मराठीतल्या आवाजांची यादी मागून घेतली, कारण इंग्रजी ‘आर’ न येणं वेगळं आणि बोलण्यातच अडचण असणं वेगळं. मुलीने त्यांना ‘बाळ’ आणि ‘पाणी’ म्हणून दाखवलं. ‘ळ’ आणि ‘ण’ तिचे स्वच्छ होते! ते ऐकून त्या म्हणाल्या, जीभ मागे वळते आहे ना, मग याच जागेचा उपयोग करू. सरकारी पगारावरच्या त्या बाई आठवड्याला चर्चच्या इमारतीत येऊन तिला शिकवायच्या. दुसरी संपायच्या आत तिचे उच्चार स्पष्ट झाले.

जेवणाचं सोपं होतं. नेब्रास्कातल्या शाळांत चिली (मांस आणि घेवड्याचं दाट कालवण) आणि त्याबरोबर दालचिनीचा गोड रोल हे ठरलेलं जेवण. चिलीत बीफ. आम्ही बीफ खात नाही असं सांगितल्यावर स्वयंपाकघरातल्या आजी चिलीच्या दिवशी मांस घालायच्या आधी घेवड्याचा एक वाडगा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागल्या. त्यांना कोणी तसा नियम घालून दिला नव्हता. लहान शाळेत हे असं होतं.

दिवाळीला वर्गात येऊन बोलाल का, असं एका वर्षी बाईंनीच विचारलं. रांगोळी, चकल्या, नकाशावर महाराष्ट्र, सगळं चालेल, पण पूजा आणि मूर्ती नको, असंही सांगितलं. मला ते योग्यच वाटलं. त्यांची शाळा, त्यांची वेदी. मुलांनी फरशीवर खडूने रांगोळ्या काढल्या आणि चकल्यांचा डबा रिकामा झाला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांची उपासना असते, त्यात मुलं पाठ केलेली वचनं म्हणतात आणि बाहेर पडताना प्रत्येकाला कागदी पिशवी मिळते. तिच्यात भुईमुगाच्या शेंगा, एक संत्रं आणि थोड्या गोळ्या. ही इथली फार जुनी चाल आहे. आमची मुलगी दर वर्षी त्या शेंगा भाजायला लावायची, कारण मिरजेच्या आजीने तिला भाजलेल्या शेंगांची सवय लावलेली.

पाठांतराबद्दलही सांगते. लुथरच्या कॅटेकिझममध्ये प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं. मुलगी ते घडाघडा म्हणायची. मनाचे श्लोकही ती तितक्याच वेगाने म्हणायची. पण एके दिवशी तिने मला विचारलं, “मनाच्या श्लोकांचा अर्थ काय? तू कधी सांगितलाच नाहीस.” त्यानंतर आम्ही रोज रात्री एक श्लोक घेऊन बसायला लागलो. हे शाळेमुळे झालं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ज्याची धास्ती होती ते तिसरीत झालं. रात्री अंथरुणात पडल्यावर ती म्हणाली, “आई, आजी येशूला मानत नाही. मग ती नरकात जाणार का?” हे विचारताना ती रडत होती. मी तिला जवळ घेतलं आणि झोपवलं, पण मला स्वतःला झोप लागली नाही. मुलीला या शाळेतून काढायचं, असं मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंना भेटले. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. धड्यानंतर एका मुलाने विचारलं होतं की येशूवर विश्वास न ठेवणाऱ्यांचं काय होतं, आणि त्यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे उत्तर दिलं होतं. त्यांनी ते उत्तर मागे घेतलं नाही. मला अजून त्यांचं म्हणणं आठवतं. “मी जे मानते ते तुमच्यापासून लपवलं तर मी खोटी ठरेन. पण तुमच्या सासूबाईंचा न्याय करायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि हे मी आज तुमच्या मुलीला सांगते.” त्यांनी ते खरंच सांगितलं. घरी आम्ही मुलीला म्हटलं, बाईंची श्रद्धा अशी आहे, आपल्या घरात आपण तसं मानत नाही. दोन्ही तुला माहीत असलं पाहिजे आणि दोन्हींविषयी तू आम्हाला केव्हाही विचारायचं. तिला ते पुरलं का? लगेच नाही. पुढचे कित्येक महिने ती अधूनमधून तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिली आणि आम्ही उत्तर देत राहिलो. जो कोणी आपल्या मुलांना अशा शाळेत घालणार आहे त्याने हे होणारच असं धरून चालावं.

सासूबाईंपासून हे लपवावं असं मला वाटत होतं, पण मुलीने फोनवर स्वतःच सांगून टाकलं. आई वारकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, “अगं, माझी काळजी विठोबाला आहे. पण तुझ्या बाई रोज प्रार्थना करतात ना? त्यांना म्हणावं, माझ्या गुडघ्यासाठी करा, ऑपरेशन आहे.” मुलीने निरोप दिला. फळ्याच्या कोपऱ्यात आजाऱ्यांची नावं लिहिलेली असत, त्यांत ‘भारतातल्या आजीचा गुडघा’ हेही आलं आणि आई चालायला लागेपर्यंत ते पुसलं गेलं नाही. आईंना याचं नवल वाटलं नाही. त्यांची स्वतःची बाळंतपणं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेली. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल आमच्याकडच्या कित्येक घरांत आपलंच मानलं जातं. मिशनचे लोक प्रार्थना करूनच ऑपरेशनला हात लावतात, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक.

उणिवाही लिहायलाच हव्यात. दोन इयत्ता एकत्र असल्यामुळे सातवीत तिचं गणित रेंगाळलं. विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. वाद्यवृंद नाही. पाचवीत वर्ष सुरू झाल्यावर तिच्या आवडत्या बाई गेल्या, कारण त्यांना दुसऱ्या चर्चकडून ‘कॉल’ आला. या चर्चमध्ये शिक्षकांना बोलावणं येतं, ते प्रार्थना करून काही आठवड्यांत ठरवतात आणि निघतात. इथे शिक्षकी हे चर्चचं सेवापद समजलं जातं. मिशिगनमधल्या एका लुथरन शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने तसंच धरलं, त्यामुळे त्यांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यांचं संरक्षण मिळत नाही. पगार सरकारी शाळेपेक्षा कमी. फी चर्चच्या सभासदांना कमी आणि आमच्यासारख्यांना जास्त, वर प्रत्येक कुटुंबाने वर्षभर काही तास शाळेचं काम करायचं. मी ग्रंथालय सांभाळलं, नवऱ्याने झोके दुरुस्त केले. हा नियम मला आवडायचा, कारण त्यामुळे बाकीच्या आईबापांशी ओळख झाली. नाहीतर दर रविवारी एकमेकांना भेटणाऱ्या त्या लोकांत आम्ही बाहेरचेच राहिलो असतो.

मुलगी आठवीत असताना राज्यात खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीचा वाद पेटला. २०२४ च्या कायद्याने त्यासाठी वर्षाला एक कोटी डॉलर ठेवले होते आणि नोव्हेंबरमधल्या सार्वमतात सुमारे सत्तावन्न टक्के लोकांनी तो रद्द केला. आमच्या शाळेतली काही घरं त्यामुळे हवालदिल झाली. माझं मन दोन्हीकडे होतं. फी भरताना काय ओढाताण होते ते मी जवळून पाहिलं आहे, पण माझ्या मुलीची जीभ सुटली ती सरकारी डिस्ट्रिक्टच्या थेरपिस्टमुळे, आणि तिथला पैसा कमी व्हावा असं मला वाटत नव्हतं. आम्हाला मताधिकार नाही, त्यामुळे हे फक्त स्वयंपाकघरात बोलून राहिलं.

मे २०२५ मध्ये तिची आठवी झाली. वर्गातल्या बाकीच्यांचं कन्फर्मेशन, म्हणजे आपली श्रद्धा चर्चमध्ये स्वतः जाहीर करण्याचा विधी, झालं होतं, तिचं अर्थातच नाही. त्या रविवारी ती आपणहून मैत्रिणींसाठी चर्चमध्ये जाऊन बसली. आता ती सरकारी हायस्कूलमध्ये आहे. नोंदी विनातक्रार पोचल्या, गणिताला उन्हाळाभर शिकवणी लावावी लागली, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत पहिले काही आठवडे तिला फार एकटं वाटलं. ‘इथे माझं नाव सगळ्यांना माहीत नाही,’ म्हणायची.

धाकटा यंदा तिसरीत गेला. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधीच मी त्याच्या बाईंना जाऊन भेटले, त्याच बाई आहेत. या वर्षी पहिल्या आज्ञेचा धडा कधी येतो ते विचारून घेतलं. त्यांनी वहीत बघून सांगितलं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आदल्या दिवशी मला कळवते म्हणाल्या.